उत्प्रेरकी पटल रिॲक्टर

पाण्यातली प्रदूषके अडवणे आणि रासायनिक विक्रियेने ती मोडून काढणे, ही दोन्ही कामे एकाच उपकरणात करण्याची व्यवस्था. सूक्ष्म रंध्रांचे पटल (ज्याला संयंत्रावर काम करणारे मेम्ब्रेनच म्हणतात) आणि उत्प्रेरक (स्वतः खर्ची न पडता विक्रिया वेगाने घडवणारा) पदार्थ हे तिचे दोन घटक. उत्प्रेरक कधी पटलाच्या रंध्रांत बसवलेला असतो, कधी त्याच्या पृष्ठावर लेपलेला असतो, तर कधी पाण्यात भुकटीच्या रूपात तरंगत असतो आणि पटल त्याला बाहेर जाऊ देत नाही.

नुसत्या गाळणीने प्रदूषक नाहीसे होत नाही, त्याची जागा फक्त बदलते. व्यस्त परासरणातून (आरओ) एका बाजूने स्वच्छ पाणी मिळते, पण दुसऱ्या बाजूला तेच प्रदूषक अधिक दाट होऊन उरते. सक्रियित कोळशाचेही तसेच : कोळसा भरला की तो जाळायचा किंवा पुन्हा सक्रिय करायचा. जीवाणूंवर चालणारी प्रक्रिया मात्र पदार्थ खरोखर मोडते. पण बरीच रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांचे अवशेष आणि क्लोरीनयुक्त विद्रावक जीवाणूंना पचत नाहीत किंवा फार सावकाश पचतात. उत्प्रेरकाकडे वळावे लागते ते अशा पदार्थांसाठी.

उत्प्रेरक : प्रदूषके अशी मोडण्याच्या शाखेचे मूळ १८९४ सालचे आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी टार्टारिक अम्लाचे ऑक्सिडीकरण लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीने घडवून दाखवले. या विक्रियेत हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा अतिक्रियाशील तुकडा) तयार होतो, ही कल्पना हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडली. या मूलकाचा ऑक्सिडीकरण विभव (दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीचे माप) सुमारे २.८ व्होल्ट आहे, क्लोरीनचा १.३६. बहुतेक कार्बनी रेणूंवर तो तुटून पडतो. फेंटन पद्धत स्वस्त आणि जोरकस आहे, पण पाणी सामू (पीएच) ३ च्या आसपास आम्लधर्मी करावे लागते आणि नंतर उदासीन करताना लोहाचा तांबूस गाळ साचतो, त्याची विल्हेवाट हे नवे काम होऊन बसते. लोह घन रूपात, ऑक्साइड म्हणून कोठेतरी बसवून ठेवण्याची धडपड त्यातूनच सुरू झाली.

दुसरी वाट प्रकाशाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९७६ मध्ये क्लोरीनयुक्त बायफेनिल संयुगे आणि १९७७ मध्ये सायनाइड याच पदार्थाच्या साहाय्याने पाण्यात मोडता येतात, हे दिसून आले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात तोच हा पदार्थ. स्वस्त, टिकाऊ आणि पाण्यात न विरघळणारा. उणीव एकच, पण मोठी : त्याच्या ॲनाटेज रूपाचा ऊर्जापट्ट्यांमधला फरक (इलेक्ट्रॉनला मोकळे करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे जंबुपार (अतिनील) प्रकाशच त्याला चालतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात हा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय उत्तम चालणाऱ्या भुकटीचे कण वीसेक नॅनोमीटरचे असतात. ते पाण्यात टाकले की पाणी दुधासारखे होते, आणि काम झाल्यावर ते दूध पुन्हा पाण्यातून काढायचे कसे हा प्रश्न उरतो. पटल या क्षेत्रात शिरले ते आधी या साध्या गरजेपोटी.

अंतराचा हिशेब : पटलाचा खरा उपयोग मात्र गाळण्यापलीकडचा आहे. हायड्रॉक्सिल मूलक जन्मल्यापासून काही मायक्रोसेकंदांच्या आत संपतो, त्यामुळे उत्प्रेरकापासून तो फार दूर जाऊच शकत नाही. प्रदूषकालाच पृष्ठाजवळ यावे लागते. सपाट लेपावरून पाणी वाहत असेल, तर पृष्ठालगत ५० मायक्रोमीटर जाडीचा जवळपास स्थिर थर असतो असे धरू. छोट्या रेणूला केवळ विसरणाने (आपोआप पसरत जाऊन) तो पार करायला सेकंदभर लागतो. आता तेच पाणी १०० नॅनोमीटर व्यासाच्या रंध्रातून ढकलले, तर रेणू भिंतीपासून जास्तीत जास्त ५० नॅनोमीटर दूर असणार. अंतर हजारपट कमी. विसरणाचा काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून वेळ दहा लाखपट कमी, सुमारे एक मायक्रोसेकंद. दर चौरस मीटरमागे ताशी १०० लिटर पाणी जात असेल आणि अर्धी जागा रंध्रांची असेल, तर १०० मायक्रोमीटर जाडीच्या थरात तो रेणू साधारण दोन सेकंद राहतो. तेवढ्या वेळात भिंतीला त्याचा स्पर्श लाखो वेळा होऊ शकतो. पृष्ठ पुरेसे क्रियाशील असेल, तर रेणू न मोडता सुटून जाण्याची शक्यता फार कमी उरते. उत्प्रेरकाचा थर एकाच मायक्रोमीटरचा असेल तर मात्र हाच मुक्काम वीसेक मिलिसेकंदांवर येतो. लेप किती पातळ द्यायचा, हे ठरवताना हा आकडा समोर ठेवावा लागतो.

मांडणी : भुकटी पाण्यात फिरवत ठेवून शेवटी अतिगाळण (फार बारीक रंध्रांच्या) पटलाने ती परत घेणे, ही सर्वांत सरळ मांडणी. प्रकाश सगळ्या कणांपर्यंत पोचतो, जुनी भुकटी बदलता येते. पण पटलावर त्याच भुकटीचा थर बसतो. उत्प्रेरक पटलातच पक्का केला तर ही कटकट जाते, पण प्रकाश-उत्प्रेरणेत नवी उभी राहते : अपारदर्शक पटलाच्या आत प्रकाश काही मायक्रोमीटरच शिरतो, त्यामुळे खोलवरच्या रंध्रांतला उत्प्रेरक अंधारात निष्क्रिय पडून राहतो. म्हणूनच पटलाच्या आतल्या उत्प्रेरणेसाठी प्रकाश न लागणाऱ्या विक्रिया जास्त सोयीच्या वाटतात. मँगॅनीज ऑक्साइडवर ओझोन, कोबाल्ट किंवा लोहाच्या ऑक्साइडवर पेरॉक्सिमोनोसल्फेट (एक ऑक्सिडीकारक), आणि विद्युतप्रवाह वाहणारी सच्छिद्र पटले ही त्यांची उदाहरणे. कोबाल्ट कामाला फार तेज आहे, पण ते थोडे थोडे पाण्यात झिरपते. प्रदूषक काढताना जड धातू मिसळणे कोणालाच परवडणारे नाही.

नायट्रेट : ऑक्सिडीकरणाचा बोलबाला असला तरी पटलाची करामत क्षपणात (ऑक्सिडीकरणाच्या उलट विक्रियेत) अधिक स्वच्छ दिसते. पॅलेडियम आणि तांबे यांच्या जोडीवर हायड्रोजनने नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते, हे १९८९ मध्ये जर्मनीत फोरलोप आणि टाके यांनी दाखवले. तांबे नायट्रेटचे नायट्राइट करते, पुढचे काम पॅलेडियमचे. आता हिशेब बघा. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट काढायला सुमारे ८ मिलिग्रॅम हायड्रोजन लागतो, पण साध्या दाबाखाली लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड मिलिग्रॅमच विरघळतो. म्हणजे पाण्यात आधी वायू भरून घेऊन भागत नाही. विक्रिया चालू असताना तो सतत पुरवावा लागतो. पटलाच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला पाणी आणि दोहोंच्या सीमेवर धातूचे कण, अशी रचना केली की वायू नेमका लागेल तिथेच पोचतो, बुडबुडे होऊन वाया जात नाही.

अडते ते अमोनियमपाशी. विक्रियेत हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, अरुंद रंध्रांत ते साचून सामू वाढतो, आणि सामू वाढला की नायट्रोजनऐवजी अमोनियम जास्त बनते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, तर युरोपीय संघाच्या मानकात अमोनियमची ०.५. वरच्या उदाहरणातल्या नायट्रेटपैकी केवळ दोन टक्क्यांचे अमोनियम झाले, तरी ते ०.५८ मिलिग्रॅम भरते. ९८ टक्के गुण मिळवूनही नापास! कार्बन डायऑक्साइड सोडून सामू आवरणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. सल्फाइडचा अंश असला तर पॅलेडियम निकामी होते, ही आणखी एक भानगड.

अडचणी : प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी आणि खरे पाणी यांत मोठी तफावत असते. खऱ्या पाण्यात बायकार्बोनेट लिटरला दोन-अडीचशे मिलिग्रॅम असणे नवलाचे नाही, आणि नको असलेले कीटकनाशक मायक्रोग्रॅमभर. हायड्रॉक्सिल मूलक कीटकनाशकाशी शेकडो पट वेगाने भिडतो खरा, पण बायकार्बोनेटची संख्याच एवढी प्रचंड की हजाराहून अधिक मूलकांमागे एखादाच नेमक्या लक्ष्यापर्यंत पोचतो. कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये हा वाटा आणखी खातात. पटलाची रंध्रे इतकी लहान ठेवली की सेंद्रिय द्रव्यांचे मोठे रेणू बाहेर राहतील आणि छोटे प्रदूषक आत येतील, तर काही मूलक वाचतात. बायकार्बोनेटला मात्र ही चाळणी अडवू शकत नाही.

पटलाचे द्रव्य निवडतानाही मूलकांचा विचार करावा लागतो, कारण ते प्रदूषक आणि प्लास्टिक असा भेद करत नाहीत. पॉलिसल्फोनसारखी बहुवारिके (पॉलिमर) जंबुपार प्रकाश आणि मूलकांपुढे लवकर झिजतात. फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिके तग धरतात. ॲल्युमिना, झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड यांची सिरॅमिक पटले सर्वांत चिवट, पण महाग आणि ठिसूळ. एक फायदा मात्र आयता मिळतो : पटल तुंबवणारा चिकट सेंद्रिय थर पृष्ठावरचा उत्प्रेरक स्वतःच पोखरत राहतो, त्यामुळे धुण्याच्या पाळ्या लांबतात. प्रत्यक्ष संयंत्रात या फायद्याचे मोल प्रदूषकनाशापेक्षा कमी नसते.

मापन : नवा उत्प्रेरक किती चांगला, हे दाखवण्यासाठी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा वापर सर्रास होतो, प्रकाश-उत्प्रेरकी पृष्ठांच्या चाचणीचे आयएसओ १०६७८ हे २०१० चे मानकही त्यावरच बेतले आहे. निळे पाणी रंगहीन झाले की छायाचित्र छान येते. पण या रंगद्रव्याचे क्षपण होऊनही ते रंगहीन बनते, आणि बाटली हवेत हलवली की निळाई परत येते! रंग गेला म्हणजे रेणू गेला असे नाही. एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, मधले कोणते पदार्थ उरले आणि ते मूळ प्रदूषकापेक्षा विषारी तर नाहीत, हे मोजल्याशिवाय दाव्याला अर्थ नाही. विजेचा खर्च ताडण्यासाठी एक घनमीटर पाण्यातले प्रदूषक एक दशांशावर आणायला किती युनिट लागतात, हे माप २००१ पासून रूढ आहे. ओझोनसारख्या पद्धतींना अनेकदा युनिटभरही लागत नाही. दिव्यावर चालणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे आकडे मात्र शंभराच्या पुढे गेलेले आढळतात, आणि पाच दशकांच्या संशोधनानंतरही त्याची मोठी संयंत्रे का विरळ, याचे बरेचसे उत्तर इथेच आहे.

फ्ल्युओरीनयुक्त संयुगे : परफ्ल्युओरोऑक्टॅनॉइक अम्लासारख्या पदार्थांतला कार्बन-फ्ल्युओरीन बंध इतका बळकट असतो की हायड्रॉक्सिल मूलकाचेही त्यापुढे फारसे चालत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये या अम्लासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. त्यामुळे टायटॅनियमच्या ऑक्सिजन-उण्या ऑक्साइडची, वीज वाहून नेणारी पटले चर्चेत आली आहेत. त्यांच्या रंध्रांतून पाणी जाताना रेणूतला इलेक्ट्रॉन थेट काढून घेतला जातो आणि साखळी तुटायला लागते. पाण्यात क्लोराइड असेल, तर त्याच पृष्ठावर क्लोरेट आणि परक्लोरेटही तयार होतात. ते पुन्हा काढायचे, तर पुढे आणखी एक क्षपणाचा टप्पा जोडावा लागतो.