पँटच्या आधीची पाटलोण

धाप लागणे आणि पायात घालायचा कपडा, या दोन्हींसाठी इंग्रजीत 'पँट' हाच शब्द आहे. कपड्याच्या बाबतीत तो अनेकवचनी होतो, एवढाच फरक. दिसायला जुळे असले, तरी हे दोन शब्द नात्यातले नाहीत.

धापेचा शब्द ग्रीक 'फँटासिया'पासून निघाला. तिथे त्याचा अर्थ मनात उभे राहणारे दृश्य. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये येताना त्याला दुःस्वप्नात छाती दडपून श्वास कोंडण्याचा अर्थ चिकटला आणि पुढे इंग्रजीत नुसती धाप उरली. आपण 'फँटसी' म्हणतो, ती याच घराण्यातली.

कपड्याच्या शब्दामागे मात्र एक माणूस उभा आहे, तोही नाटकातला. १६व्या शतकात इटलीत मुखवटे घालून उत्स्फूर्त प्रहसने करणाऱ्या फिरत्या मंडळ्या होत्या. त्यांतला पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा, चिक्कू व्यापारी. बाकदार नाकाचा मुखवटा, काळा झगा, कमरेला पैशांची थैली आणि पायांना घट्ट बसणारी लाल तुमान, असा त्याचा थाट. सगळे त्याला फसवायचे आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. त्याचे नाव संत पांतालेओन यांच्यावरून आलेले. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात मारले गेलेले हे वैद्य व्हेनिसमध्ये लोकप्रिय होते. संताचे नाव विदूषकाला आणि विदूषकाचे विजारीला, हा प्रवास मला फार मोहक वाटतो.

१७व्या शतकात इंग्रजीत 'पँटलून' हे विजारीचे नाव झाले. पुढे फॅशनप्रमाणे कधी घोळदार, कधी तंग विजारीला ते लागत गेले. १९व्या शतकात अमेरिकनांनी ते तोडून 'पँट्स' केले. सभ्य मंडळींना हे रुचले नाही. अमेरिकन कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४६ मध्ये कवितेतून या शब्दाला टोला हाणला. ब्रिटनमध्ये तर आजही 'पँट्स' म्हणजे आतली चड्डी, त्यामुळे अमेरिकेतून गेलेल्या माणसाची तिथे पंचाईत होते.

मराठीत इजार, विजार, सुरवार, तुमान हे शब्द आधीपासून होते. साहेबी कपडा आला तेव्हा 'पँटलून'ची 'पाटलोण' झाली. कोट-पाटलोण घालून कचेरीत जाणारी पिढी हाच शब्द वापरायची. नंतर 'पँट' आली आणि आपण तिचे अनेकवचनही आपल्या पद्धतीने केले: 'दोन पँटा शिवायला टाकल्यात.' पाटलोण आता क्वचितच कानावर पडते. ती टिकायला हवी होती, कारण इंग्रजीने अर्धे कापून टाकलेले पांतालोनेचे नाव तिच्यात अजून जवळपास पुरते ऐकू येते.