कप्पा एक, ओळखी अनेक: कोड स्निपेटच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर दर वेळी दुप्पट थांबून पुन्हा विनंती पाठवणारं पायथनचं दहा ओळींचं फंक्शन कुठे ठेवायचं? ‘पायथन’मध्ये, ‘नेटवर्क’मध्ये की ‘एरर हाताळणी’त? स्निपेटचा, म्हणजे पुन्हा वापरायला जपून ठेवलेल्या कोडच्या छोट्या तुकड्यांचा, संग्रह शंभराच्या पुढे गेला की हा प्रश्न रोजचा होतो.

ग्रंथालयांना तो फार आधी पडला. मेल्विल ड्युई यांच्या १८७६च्या दशांश वर्गीकरणात प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक आणि त्यानुसार एक जागा मिळे. एक प्रत दोन फळ्यांवर राहू शकत नाही, म्हणून हे योग्यच होतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. त्यात विषयाचे पैलू वेगवेगळे ओळखून चिन्हांनी जोडले जात. स्निपेटला नेमकं हेच लागतं: भाषा हा एक पैलू, काम दुसरा, वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) तिसरा.

संगणकावर मात्र फोल्डरची उतरंड रुळली. युनिक्समध्ये हार्ड लिंकने एकच फाइल दोन डिरेक्टरींत दाखवता येते, पण स्निपेटसाठी हा उपाय टिकत नाही. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात; तिथे लिंक तुटते आणि दुसऱ्या डिरेक्टरीत जुना कोड तसाच राहतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिटही हार्ड लिंक जपत नाही, क्लोन केल्यावर (संग्रहाची पूर्ण प्रत घेतल्यावर) दोन सुट्या फाइली मिळतात.

२००३मध्ये डिलिशस या बुकमार्क जपणाऱ्या संकेतस्थळाने बुकमार्कना मोकळे टॅग दिले, २००४मध्ये फ्लिकरने फोटोंना. त्याच वर्षी जीमेल फोल्डरऐवजी लेबलं घेऊन आलं. स्वातंत्र्याची किंमतही लगेच दिसली. डिलिशसमध्ये टॅग स्पेसने वेगळे होत, त्यामुळे दोन शब्दांचा टॅग कुणी जोडून लिही, कुणी हायफनने, कुणी अंडरस्कोअरने. एकाच गोष्टीचे तीन टॅग झाले की शोधात मालाचा एक भागच हाती लागतो, आणि उरलेला सुटला हे कळतही नाही.

पायथनच्या पॅकेज सूचीने वेगळी वाट धरली. २००२च्या पेप ३०१ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावातले ट्रोव्ह क्लासिफायर ही ठरावीक यादी आहे: भाषेची आवृत्ती, विषय, परवाना, विकासाचा टप्पा. प्रत्येक पैलूखाली उतरंड आहे, आणि एका पॅकेजला हवे तितके क्लासिफायर लावता येतात. यादीबाहेरचा क्लासिफायर दिला तर अपलोडच नाकारलं जातं. शिस्त माणसावर न सोडता यंत्राकडे दिली, हे या रचनेचं खरं बळ.

२००८मध्ये आलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग ठेवले, नवा टॅग काढायला ठरावीक प्रतिष्ठागुणांची अट घातली आणि पुढे समानार्थी टॅग जोडले; ‘जेएस’ लिहिलं तरी ते ‘जावास्क्रिप्ट’खाली जातं. ‘बिगिनर’सारखे टॅग तिथे बाद झाले. एकटा लावल्यावर मजकुराबद्दल काहीच न सांगणारा टॅग काढून टाकावा, ही कसोटी स्निपेटलाही चपखल बसते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७मध्ये रिपॉझिटरींना (प्रकल्पांच्या कोडसंग्रहांना) टॉपिक दिले: लहान लिपीतली अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच चालतं, कमाल वीस. छोटे तुकडे ठेवायच्या गिटहबच्याच गिस्टला मात्र ना फोल्डर, ना टॅग. म्हणून लोक वर्णनातच हॅशटॅग लिहितात.

एडिटरांनी भाषा हाच कप्पा मानला. ईमॅक्स एडिटरच्या वायस्निपेट या जोडणीत प्रत्येक मोडची, म्हणजे बहुधा प्रत्येक भाषेची, डिरेक्टरी असते. व्हीएस कोडमध्ये भाषेनुसार फाइल, किंवा सामायिक फाइलमध्ये भाषा सांगणारा ‘स्कोप’. हा निर्णय बरोबर आहे, कारण भाषा बहुधा एकच असते आणि सहसा बदलत नाही. टॅगांवर काम आणि लायब्ररी सोपवावी. वरच्या फंक्शनचा कप्पा पायथन. टॅग ‘रिट्राय’, ‘एचटीटीपी’ आणि वापरलेली लायब्ररी. मान्य टॅगांची यादी संग्रहातच एका फाइलमध्ये ठेवावी आणि यादीबाहेरचा टॅग दिसला तर कमिट (गिटमधली बदलाची नोंद) अडवणारा प्री-कमिट हुक, म्हणजे नोंदीआधी आपोआप चालणारी तपासणी, लावावा. नवा टॅग हवा असेल तर आधी यादीत ओळ वाढवायची, मग स्निपेटला लावायचा.