परिचर्या : संकल्पना, व्यवहार आणि ग्वाल्हेरमधील स्थिती

रुग्ण, प्रसूत स्त्री, नवजात अर्भक, अपंग व वृद्ध यांची प्रशिक्षित व्यक्तीने पद्धतशीरपणे घेतलेली काळजी म्हणजे परिचर्या होय. वैद्य निदान करतो व उपचार ठरवतो; तो उपचार रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचवणे, त्याचा परिणाम दिवसरात्र पाहणे आणि बिघाडाची पहिली खूण ओळखणे हे परिचारिकेचे काम असते.

या कामासाठी मराठीत रूढ असलेले शब्द संस्कृतातून आले आहेत. ‘परिचर्या’ म्हणजे भोवती वावरणे, तर ‘उपस्थाता’ म्हणजे जवळ उभा राहणारा. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. आज्ञापालन व सेवा हे अर्थ त्यातून निघाले असावेत. बोलण्यातला ‘सिस्टर’ हा शब्द मात्र इंग्रजी रुग्णालयांतून आला. त्याचा उगम काही जण थेट ख्रिस्ती जोगिणींशी जोडतात. तथापि लंडनच्या जुन्या रुग्णालयांत मठव्यवस्था मोडल्यानंतरही वॉर्डाच्या प्रमुख स्त्रीला हेच पदनाम राहिले होते, त्यामुळे भारतात तो पदनाम म्हणूनच आला असण्याची शक्यता अधिक वाटते.

चरकसंहितेत वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद, म्हणजे आधार, सांगितले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे चार गुण होत. सुश्रुतसंहिता यात बळ, न थकणे आणि किळस नसणे यांची भर घालते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिली असून, तेथे अन्न शिजवणारे, स्नान घालणारे, अंग चोळणारे, रुग्णाला उठवणारे, निजवणारे व औषध घोटणारे परिचारक सांगितले आहेत. या संहितेचा काळ निश्चित नाही. उपलब्ध पाठावर अनेक शतकांचे संस्कार झाले आहेत. त्यामुळे इ.स.पू. 250 च्या सुमारास भारतात जगातील पहिली परिचर्याशाळा होती, हे पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळणारे विधान जपून घ्यावे लागते. संहितेत परिचारकांचे गुण व कामे येतात, शाळेचे वर्णन येत नाही. कुशल परिचारकांची अपेक्षा होती, इतकाच निष्कर्ष त्यातून काढणे योग्य ठरते.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील अनुभवानंतर 1860 मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात काढलेल्या शाळेने घातला. भारतात 1908 मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. तो कायदा रद्द करून त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका (सुईण) आयोग आणण्याची तरतूद 2023 च्या कायद्यात आहे.

ग्वाल्हेरमधील संस्थात्मक परिचर्या मुख्यतः शिंदे संस्थानाच्या आरोग्यव्यवस्थेतून वाढली. जयाजीराव शिंदे यांच्या नावाचे जयारोग्य रुग्णालय, 1946 मध्ये सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि स्त्रिया व बालकांसाठीचे कमलाराजा रुग्णालय ही तिची प्रमुख केंद्रे होत. अलीकडे त्यांत ‘हजार बिस्तर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या इमारतीची भर पडली. भिंड, मुरैना, दतिया व शिवपुरी या भागांतील रुग्णही येथे येतात. उन्हाळ्यात तापमान 45 अंशांपर्यंत व क्वचित त्यापुढेही जात असल्याने उष्माघाताच्या रुग्णाचे शरीर त्वरेने थंड करणे हा येथील परिचारिकांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

भाषेची अडचण येथे विशेष नोंदवण्यासारखी आहे. ग्वाल्हेर शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील मराठी कुटुंबांचा बाहेरचा व्यवहार हिंदीत चालत असला, तरी वृद्ध माणूस दुखणे मायबोलीत सांगतो. ‘कळ’ थांबून थांबून येते, ‘ठणका’ नाडीबरोबर उसळतो, ‘चमक’ क्षणात भरून जाते, ‘रग’ लागून राहते. नोंदपत्रकात या चारही शब्दांचा ‘दर्द’ होतो आणि निदानाला उपयोगी पडणारा भेद तेथेच हरवतो. शुश्रूषेचा ‘ऐकण्याची इच्छा’ हा मूळ अर्थ येथे शब्दशः लागू पडतो.

परिचारिकेच्या कामात गणित व शिस्त मोठी असते. 500 मिलिलिटर सलाइन 8 तासांत द्यायचे असेल आणि नळीसंचातून 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होत असेल, तर मिनिटाला सुमारे 21 थेंब ठेवावे लागतात. हालचाल न करणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर 2 तासांनी बदलावी लागते, अन्यथा पाठीला व टाचांना दाबव्रण होतात. पाळी बदलताना तोंडी व लेखी माहिती सोपवणे हा सर्वांत नाजूक क्षण होय, कारण निसटलेली सूचना पुढच्या पाळीत कोणी शोधत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात 3 खाटांमागे 1 परिचारिका, इतर रुग्णालयांत 5 खाटांमागे 1 आणि शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव मनुष्यबळ असावे. हे प्रमाण एकूण नेमणुकीचे मानल्यास 30 खाटांना 10 जणी येतात आणि तीन पाळ्यांत विभागल्यावर एका पाळीला जेमतेम 3 उरतात. पदे रिक्त राहिली की हा आकडा आणखी घटतो. अशा वेळी इंजेक्शने, सलाइन व नोंदी परिचारिकेकडे राहतात, आणि चरकाने परिचारकाकडे सोपवलेली स्नान घालणे, उठवणे, निजवणे ही कामे नातलगांवर किंवा आयाबाईंवर येतात. आईची कूस कशी बदलावी हे न शिकवताच मुलावर ती जबाबदारी टाकणे हा व्यवस्थेचा गंभीर दोष आहे, परिचारिकेच्या वृत्तीचा नव्हे. सुई टोचून होणारा कावीळ ब चा संसर्ग, रात्रपाळीचा शीण आणि संतप्त नातलगांची दांडगाई हे धोके यात भर घालतात.

शिक्षणाच्या बाजूने मध्य प्रदेशाची स्थिती चिंताजनक ठरली आहे. 2020 नंतर राज्यातील अनेक परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेविषयी उच्च न्यायालयात याचिका आल्या, न्यायालयाने तपासणी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली आणि 2024 मध्ये तपासणी पथकातीलच काहींना लाचेच्या आरोपावरून अटक झाली. या काळात विद्यार्थ्यांच्या परीक्षा दीर्घकाळ लांबल्या. जोडलेले रुग्णालय नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी कूस बदलणे पुस्तकात वाचते. खाटेवरच्या जड, दुखऱ्या शरीराला हात लावण्याची तिची पहिली वेळ नोकरीत येते.