केळ्याचे वेफर म्हणजे फळ नव्हे

‘बटाट्याचे नको, केळ्याचे वेफर घे, फळच आहे ते!’ मुंबईत हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. मुलांच्या डब्यात, उपासाला, मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटलीतही ते याच भरवशावर जातात, म्हणून हा खुलासा.

माटुंग्यात वेफर तळताना जरा थांबून पाहा. सोललेलं कच्चं केळं किसणीवरून थेट उकळत्या तेलात पडतं, वरून हळद-मिठाच्या पाण्याचा हबका बसतो, कढई फसफसते. कापातलं पाणी वाफ होऊन जातं आणि मोकळ्या जागेत तेल शिरतं. कुरकुरीतपणा येतो तो असा. १०० ग्रॅम वेफरमध्ये साधारण तिसरा हिस्सा चरबी आणि ५०० च्या आसपास कॅलरी असतात. बटाट्याचे वेफरही जवळपास तेवढेच. १०० ग्रॅम पिकल्या केळ्यात मात्र ९० च्या आसपास कॅलरी आणि चरबी नावापुरती. खोबरेल तेलात तळले तरी हिशेब तोच.

कुरकुरीतच हवं असेल तर वाण्याकडचे फुटाणे घ्या. ते गरम वाळूत भाजतात, तेल लागत नाही, प्रथिनंही भरपूर. पाकीट घेतलंत तर घटकांची यादी वाचा: जास्त वजनाचा घटक आधी छापावा लागतो, त्यामुळे तेल कितव्या क्रमांकावर आहे ते लगेच दिसतं.