प्रवासातील केबल व्यायाम

प्रवासातील केबल व्यायाम : जिममधल्या केबल मशिनचे (तारेने वजन ओढायच्या यंत्राचे) काम बॅगेत मावणाऱ्या रबरी नळ्यांकडून करून घेण्याची, ताकद वाढवण्याच्या व्यायामाची पद्धत. या नळ्यांना सर्रास ट्यूब म्हणतात. नेहमीच्या संचात साधारण १२० सेंमी. लांबीच्या चार-पाच ट्यूब, हुकाने जोडायच्या दोन मुठी, घोट्याचे पट्टे आणि दारात अडकवायचा अँकर असतो. सगळे मिळून दीड-दोन किलो भरते. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला सहसा ७ किलोची मर्यादा असते, तिच्यात ते बसून जाते.

ट्यूब नेण्याचे खरे कारण पाठ हे आहे. जोर आणि बैठका कुठल्याही खोलीत मारता येतात; छाती, खांदे, दंडाची मागची बाजू आणि मांड्या यांची सोय त्यांत होते. ओढण्याच्या व्यायामाला मात्र काहीतरी धरावे लागते. तालमीत त्यासाठी मल्लखांब आणि दोर असतो, जिममध्ये पुलअपचा बार. लॉजच्या खोलीत यांपैकी काही नसते, आणि आठवडाभर नुसते जोर मारले की खांदे पुढे ओढले गेल्यासारखे वाटू लागतात.

साधन नवे नाही. यूजेन सँडो (१८६७–१९२५) हा पहिलवान रबरी दोऱ्यांचा ‘डेव्हलपर’ विकत असे. १९०४-०५च्या दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला. पुढे मराठी घरांतून स्प्रिंगांचा चेस्ट एक्स्पांडर दिसू लागला. रबराने वजन कमी केले, पण वागणूक तीच राहिली : जितके ताणाल तितका भार वाढतो.

ही वागणूक नीट समजून घेतली नाही तर पाठीच्या व्यायामाचा निम्मा फायदा जातो. हात मागे आणताना शेवटच्या टप्प्यात पाठीचे स्नायू सर्वांत कमजोर असतात आणि ट्यूब नेमकी तिथेच सर्वांत जड होते. १२० सेंमी.ची ट्यूब ६० सेंमी. ताणून सुरुवात केली आणि हात ५० सेंमी. मागे आणला, तर भार जवळजवळ दुप्पट होतो. १२० सेंमी. ताणून, म्हणजे लांबी दुप्पट करून, सुरुवात केली तर तेवढ्याच हालचालीत वाढ साधारण ४० टक्क्यांवर राहते. म्हणून जाड ट्यूब घेऊन दाराला चिकटून उभे राहण्यापेक्षा बारीक ट्यूब घेऊन मागे सरकावे. एका हाताने ओढताना त्यासाठी दारापासून १० ते ११ फूट मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर आणखी बारीक ट्यूब घेऊन रेप्स (एका दमातल्या आवृत्त्या) २०-२५पर्यंत न्यावेत. मूळ लांबीच्या अडीच पटीपलीकडे मात्र ताणू नये. ट्यूब दुमडून धरली की तेवढ्याच ताणाला भार चौपट होतो, हेही लक्षात असावे.

ट्यूबवर छापलेल्या पौंडांवर विसंबू नये. तो आकडा किती ताणावर मोजला हे प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते. सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा अनेक प्रवाशांकडे असतोच. तो ट्यूबच्या टोकाला अडकवावा आणि एकेक टाइल मागे सरकत आकडा टिपून ठेवावा. लॉजमधल्या फरश्या बहुधा दोन फुटी असतात, त्यामुळे पुढच्या गावातही तोच भार टाइल मोजून मिळतो.

बहुतेक अपघात दारापाशी होतात. अँकर म्हणजे नायलॉनचा पट्टा : एका टोकाला फोमचा गोळा, दुसऱ्या टोकाला फास. गोळा दाराच्या पलीकडे आणि फास आपल्याकडे ठेवून दार लावायचे. दार आपल्यापासून दूर उघडणारे हवे, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीच्या खाचेत आणखी घट्ट बसते. खोलीचे मुख्य दार बहुधा आत उघडते. आतून ओढले की सगळा भार कुलपाच्या जिभेवर येतो. बाथरूमचे दार बाथरूमच्या आत उघडत असेल तर ते खोलीतून योग्य बाजूला पडते, पण ते पीव्हीसीचे असल्यास सोडून द्यावे, कारण पोकळ फळी वाकते आणि गोळा सुटतो. मुख्य दारच वापरावे लागले तर अँकर बिजागरीच्या बाजूला लावावा, वरचा टॉवर बोल्ट सरकवावा आणि बाहेरून कोणी दार उघडणार नाही याची खात्री करावी. आधी अर्धा मिनिट हळूहळू भार टाकून पाहावे. खिडकीचा गज मजबूत असतो, पण त्याला ट्यूब थेट गुंडाळू नये. गंजाची धार तिला चिरते. गजाला पट्टा आणि पट्ट्याला ट्यूब. टॉवेलचा रॉड, गीझरचा पाइप आणि रेल्वेच्या बर्थच्या साखळ्या यांना हात लावू नये.

आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास पुरतो. छातीच्या उंचीवरून एका हाताने ओढणे, प्रत्येक बाजूला १२ ते १५ रेप्सचे तीन सेट (फेऱ्या). अँकर दाराच्या वरच्या कडेला लावून गुडघ्यांवर बसून खाली ओढणे, तीन सेट. कपाळाच्या दिशेने, कोपरे बाहेर ठेवून बारीक ट्यूब ओढणे, २०चे दोन सेट. मध्ये जोर. ओढताना जोरात, सोडताना तीन सेकंद. ट्यूब ढिली पडू द्यायची नाही. आणखी दोनच रेप्स निघतील असे वाटले की सेट थांबवावा. पायांना ट्यूब कमी पडते : भरलेली सॅक पाठीला लावून एका पायावर भार घेत बैठका माराव्यात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) लवचिक साधनांनी वाढलेली ताकद मशिन आणि डंबेलच्या तोडीची आढळली.

ट्यूब तुटते ती बहुधा मुठीजवळ, जिथे आतल्या बुचाची कड रबराला घासते. म्हणून दर वेळी तेवढा भाग थोडा ताणून उजेडात पाहावा. पांढरट रेघ, चीर किंवा चिकटपणा दिसला की ट्यूब टाकून द्यावी. गाठ मारून वापरल्यास ती गाठीपाशी तुटते आणि थेट डोळ्यावर येऊ शकते. खोबरेल तेल किंवा बाम लागलेल्या हातांनी रबर फुगते व चिकट होते. मे महिन्यात गाडीत राहिलेली ट्यूब लवकर खराब होते. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी आणि टाल्कम पावडर लावून ठेवावी. लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) अॅलर्जी असणाऱ्यांनी टीपीई या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या ट्यूब घ्याव्यात; त्या कमी ताणल्या जातात.

अलीकडे मोटरवर चालणारी छोटी केबल यंत्रेही मिळतात. त्यांत भार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवता येतो, त्यामुळे पाठीची वर सांगितलेली अडचण उरत नाही. मात्र ती महाग आणि बरीच जड असतात. विमानात नेताना त्यांची लिथियम बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत असावी. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.