बुधवार की गुरुवार? काळातल्या पावित्र्याची पार्श्वभूमी

यहुदी विचारात पावित्र्य जागेपेक्षा काळात शोधलं जातं, हे वाक्य शब्बाथवरच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसावरच्या, बहुतेक लेखांत आता ठरल्यासारखं येतं. या रूपात ते रूढ झालं १९५१ नंतर, अमेरिकेत. पोलंडमध्ये जन्मलेला एक धर्मचिंतक १९४० मध्ये निर्वासित म्हणून तिथे पोचला होता. मागे राहिलेली आई आणि तीन बहिणी युद्धात गेल्या. त्याने शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. दगडी मंदिर जाळता येतं, सातवा दिवस जाळता येत नाही, असा त्याचा आशय होता. इतकं सोसलेल्या माणसाच्या लेखणीतून तो उतरला, म्हणून तो लोकांच्या मनात रुजला.

पण या मांडणीत एक प्रश्न मागे राहतो. हा सातवा दिवस नेमका कोणता, आणि तो मोजायचा कुणी? या टिपणाचा बराचसा भाग त्या प्रश्नाला दिला आहे, कारण परंपरेतले खरे वाद तिथेच झाले.

आधी शब्दाबद्दल. हिब्रूतल्या ‘कदोश’ला आपण ‘पवित्र’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण मूळ धातूत वेगळं काढून ठेवण्याचा अर्थ आहे. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘सोवळं’ हा आहे, फक्त आपलं सोवळं वस्त्राला, स्वयंपाकघराला, स्पर्शाला लागतं. उत्पत्तीच्या पुस्तकात हा धातू पहिल्यांदा येतो तो एका दिवसाच्या संदर्भात. डोंगर, झरा, वेदी यांपैकी कशालाही तोवर हा शब्द लागलेला नाही. सोवळ्यात ठेवलेला पहिला पदार्थ म्हणजे वार.

प्रार्थनेत मात्र दोन वेगळी वाक्यं आहेत. शब्बाथच्या आशीर्वचनात देव ‘शब्बाथला पवित्र करणारा’ आहे. सणांच्या आशीर्वचनात तो ‘इस्राएलला (म्हणजे यहुदी लोकांना) आणि ऋतुकाळांना पवित्र करणारा’ होतो. मध्येच इस्राएल का आला, याचं उत्तर तलमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथसंग्रहात आहे: देव लोकांना पवित्र करतो आणि लोक सणांना. चंद्र दिसल्याची साक्ष घेऊन महिना लागल्याचं न्यायसभेने जाहीर करायचं. ती जाहीर करेपर्यंत महिना लागत नाही, आणि महिना नाही तर सणही नाही. शब्बाथ मात्र जगाच्या आरंभापासून आपोआप चालत आला आहे, त्याला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही, असा हा भेद.

सणांच्या बाबतीत हे किती टोकाला जाऊ शकतं, हे मिश्नामधल्या (तलमूदच्या जुन्या गाभ्यातल्या) एका प्रसंगात दिसतं. काळ यरुशलेमचं मंदिर ७० साली पडल्यानंतरचा. दोन साक्षीदारांनी चंद्र पाहिल्याचं सांगितलं, पण दुसऱ्या रात्री तो दिसलाच नाही. सभेच्या प्रमुखाने तरीही साक्ष मान्य केली. एक ज्येष्ठ म्हणाला, हे खोटे साक्षीदार आहेत. काल बाळंत झालेल्या बाईचं पोट आज तिच्या दातांशी टेकलेलं दिसतं, मग ती बाळंत झाली असं कसं म्हणायचं? दुसऱ्या एका विद्वानाला हे पटलं. प्रमुखाने त्याला हुकूम पाठवला: तुझ्या हिशेबाने ज्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपास येतो, त्या दिवशी काठी आणि पैशाची थैली घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे स्वतःच्या गणिताने सर्वांत पवित्र असलेला दिवस त्याने सर्वांसमोर मोडायचा. तो गेला. प्रमुखाने उठून त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं, ज्ञानात माझा गुरू आणि माझं ऐकलंस म्हणून माझा शिष्य, असं म्हणत त्याचं स्वागत केलं. सभा चुकली तरी तिने ठरवलेला दिवस हाच सण, हे सूत्र तलमूदने पुढे उघड मांडलं.

साक्षीदारांची पद्धत संपून गणिती पंचांग आलं: १९ वर्षांत ७ अधिक महिने. अधिक महिना मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तेही वादावाचून स्थिरावलं नाही. ९२१-२२ मध्ये बाबिलोनिया आणि पॅलेस्टाइनच्या विद्वानांत तासाच्या १०८० भागांपैकी ६४२ भागांवरून भांडण झालं आणि सण निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या दिवशी साजरे झाले. अखेर बाबिलोनियाचं गणित टिकलं.

या सगळ्यात शब्बाथ वादाबाहेर होता, निदान तसा समज होता. तलमूदने एक प्रश्न मात्र विचारून ठेवला होता. रानात वाट चुकलेल्या माणसाला वाराचा विसर पडला तर? एक मत: सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. दुसरं मत: आधी एक दिवस पाळावा, मग सहा मोजावेत. पहिलं मत सृष्टीच्या क्रमाने जातं. दुसरं आदामाच्या बाजूने, कारण सहाव्या दिवशी घडलेल्या आदामाच्या वाट्याला पहिला पूर्ण दिवस आला तो शब्बाथचा. तोवर रोज जगण्यापुरतंच काम करायचं, आणि ठरवलेल्या दिवशी आरंभाची आणि निरोपाची प्रार्थना म्हणायची. त्या रानात सातवा दिवस ओळखायचा तर माणसाची मोजणी हाच एक आधार आहे.

वाट न चुकताही हाच पेच येऊ शकतो, हे पृथ्वी गोल असल्याने पुढे आलं. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेल्या खलाशांच्या रोजनिशीत एक दिवस कमी भरला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण बाराव्या शतकातच, स्पेनमध्ये अरबीत लिहिलेल्या एका संवादग्रंथात चीनच्या टोकाला शब्बाथ यरुशलेमच्या ६ तास आधी नव्हे तर १८ तासांनंतर लागतो, म्हणजे वार तिथेच बदलतो, अशी मांडणी आली होती. आठशे वर्षं ती अभ्यासकांपुरतीच राहिली, कारण त्या टोकाला राहून शब्बाथ पाळायची वेळ फारशी कुणावर आली नाही. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिच रेखावृत्त ठरवलं, आणि वाररेषा, म्हणजे ओलांडली की वार बदलतो ती रेषा, त्याच्या पाठीमागे पॅसिफिकमध्ये गेली. ती जहाजांच्या सोयीची होती. धर्मशास्त्राने तिला कधी मान्यता दिली नव्हती.

मग १९४१ साल आलं. आदल्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या एका जपानी उपवाणिज्यदूताने दोन हजारांहून अधिक प्रवासपरवाने दिले होते. ते घेऊन निर्वासित रेल्वेने सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने त्सुरुगाला आणि शेवटी कोबे शहरात आले. त्यांत पोलंडची एक अख्खी पाठशाळा होती, गुरू आणि शेकडो विद्यार्थ्यांसह. ज्या देशातून ते आले त्या सोव्हिएत संघाने १९२९ पासून सात दिवसांचा आठवडाच मोडून काढला होता आणि जून १९४० मध्ये तो परत आणला होता. अशा देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी शब्बाथ मोजत आणला. आणि कोबेत पाय ठेवल्यावर प्रश्न उभा राहिला: इथला शनिवार खरंच शनिवार आहे का?

कोबे साधारण १३५ अंश पूर्व रेखांशावर, यरुशलेम ३५ वर. एका मताप्रमाणे वाररेषा यरुशलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर, म्हणजे १२५ अंशांच्या आसपास असते. ती सलग भूखंड चिरत नाही, पण बेटांना पलीकडे टाकते. तसं धरलं तर जपान रेषेच्या पलीकडे, एक दिवस मागे, आणि शब्बाथ तिथल्या रविवारी. दुसऱ्या मताने रेषा यरुशलेमच्या थेट पाठीमागे, १८० अंशांवर. मग जपानचा शनिवार बरोबर ठरतो, पण हवाईचा शब्बाथ तिथल्या शुक्रवारी येतो. तिसरं मत असं की रेषा शोधूच नये, त्या गावचे लोक जो वार धरतात तोच वार. कोबेत बगदादी आणि रशियन वंशाची व्यापारी कुटुंबं आधीपासून राहत होती, आणि ती शनिवार पाळत होती.

शब्बाथचं कसंबसं निभत होतं. काही जण शनिवारी पाळत आणि रविवारीही कामाला हात लावत नसत. पण त्या वर्षी प्रायश्चित्ताचा २५ तासांचा निर्जळी उपास बुधवारी, १ ऑक्टोबरला येत होता. सलग दोन उपास अशक्त माणसाच्या जिवावर बेतू शकतात. यरुशलेमला तार गेली. तिथे विद्वानांची बैठक भरली आणि तिने जपानमधल्या मोजणीप्रमाणे बुधवारी उपास करा असं कळवलं. त्याच सुमारास पॅलेस्टाइनमधल्या एका फार मोठ्या अधिकाराच्या विद्वानाची स्वतंत्र तार आली: बुधवारी जेवा, उपास गुरुवारी करा. त्याच्या हिशेबाने बुधवार हा उपासाच्या आदला दिवस होता, आणि त्या दिवशी जेवणं हे धर्मकृत्यच आहे.

या दोन तारांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्यात बहुतेक वेळा रेखांशाचं गणित असतं. मला त्यापेक्षा तार वाचणारी माणसं महत्त्वाची वाटतात. युरोपात त्यांची गावं जळत होती. त्या वेळी त्यांना धास्ती होती ती चुकीच्या दिवशी घास पोटात जाईल याची. बहुतेक निर्वासितांना तोवर शांघायला हलवलं होतं आणि शांघाय दोन्ही मतांनी रेषेच्या अलीकडे, म्हणून त्यांची सुटका झाली. कोबेत उरलेल्यांपैकी कुणी बुधवारी उपास केला, कुणी गुरुवारी, तर काहींनी दोन्ही दिवस. बैठकीचा निर्णय मला अधिक योग्य वाटतो, कारण तो काठी-थैलीच्या जुन्या प्रसंगाशी जुळतो. पण दुसऱ्या तारेमागेही तितकीच कळकळ होती. शब्बाथ माणसाच्या सोयीने सरकत नाही, या मूळ श्रद्धेला ती धरून होती. वाद पुरता मिटलेला नाही. जपान आणि न्यूझीलंडमध्ये शनिवार पाळून रविवारीही काही कामं टाळणारे प्रवासी आजही आहेत.

त्यानंतरही प्रश्न येतच राहिले. २०११ मध्ये सामोआने ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळून वाररेषा ओलांडली, आणि सातवा दिवस पाळणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती मंडळीत फूट पडली. २००३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या इस्रायली अंतराळवीराने शब्बाथ कधी पाळू असं विचारलं होतं. यान दीड तासात पृथ्वीची फेरी मारत असे, म्हणजे सूर्य पाहून मोजायचं तर साडेदहा तासांत सातवा दिवस येणार. उड्डाण जिथून झालं तिथलं घड्याळ धरा, असं उत्तर त्याला मिळालं.

आपल्याकडचा धागा कोकणात आहे. अलिबागच्या आसपासच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे शतकानुशतकं ग्रंथ नव्हते, हिब्रूही जवळपास गेली होती. तेलाचा घाणा शनिवारी मात्र बंद असे. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायला सुरुवात केली आणि पाळलेला वार हेच त्यांच्या जातीचं नाव होऊन बसलं. सात दिवसांचा आठवडा शेजाऱ्यांचाही होता, म्हणून ही मोजणी एकट्याने सांभाळायची नव्हती. रानात चुकलेल्या माणसाची वेळ त्यांच्यावर आली नाही. सणांची हिब्रू नावं विसरली तरी सण राहिले, मराठी नावांनी: वर्षारंभ तो नव्याचा सण, मंदिराच्या विध्वंसाचा तो बिरड्याचा. कोबेत ज्याच्यावरून तारा गेल्या, त्या उपासाला त्यांनी दारफळणीचा सण म्हटलं. त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, इतरांचा स्पर्श टाळून घरात राहायचं. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं पुन्हा उघडत, गोरगरिबांना दान दिलं जाई आणि लोक एकमेकांच्या घरी जात.