खाचेच्या कडा आणि घड्याळाचा खरेपणा

जुन्या, मौल्यवान मनगटी घड्याळाची पारख करताना बहुतेकांची नजर केसवरच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावरच्या, अंकांकडे जाते आणि ते यादीतील क्रमांकांशी जुळले की समाधान होते. पण अंकांची नक्कल कोणीही करू शकतो. ते धातूत ज्या रीतीने उमटले, तिची नक्कल करणे फार अवघड असते. म्हणून खूण वाचण्याआधी तिच्या कडा पाहाव्यात, असे मला वाटते.

पोलादी ठसा ठोकला की धातू निघून जात नाही, तो बाजूला सरकतो. त्यामुळे अक्षराभोवती बारीक उंचवटा राहतो आणि खाचेच्या तळाखालचे स्फटिक दबून तो भाग अधिक कठीण होतो. धारदार कोरणीने कोरताना मात्र धातूचा कीस निघतो, म्हणून खाचेच्या भिंती स्वच्छ राहतात आणि तिरप्या प्रकाशात रेषा अखंड चमकते. आम्लाने उमटवलेली खूण भिंगाखाली वाळूसारखी खरबरीत दिसते. लेसरची खूण म्हणजे वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचे सूक्ष्म खड्डे. पहिला लेसर 1960 साली चालला, तेव्हा 1950 च्या दशकातील केसवर असे खड्डे दिसले तर ती खूण नंतरची आहे, हे निश्चित.

रोलेक्सच्या अनेक जुन्या घड्याळांचा पट्टा काढला की 12 च्या बाजूला मॉडेलचा आणि 6 च्या बाजूला घड्याळाचा अनुक्रमांक दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये तपासलेल्या 18 कॅरेट सोन्याच्या केसवर हेल्वेशिया या देशाचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे मस्तक, तर 14 कॅरेटवर खार ठोकलेली असे; 1995 पासून त्यांची जागा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाने घेतली. त्यामुळे 1960 च्या सोन्याच्या केसवर कुत्रा असेल तर निदान तो ठसा तरी त्या काळचा नाही. मागच्या झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडलेल्या तारखा आणि आद्याक्षरेही सापडतात. त्या अधिकृत नसल्या, तरी घड्याळाच्या आयुष्याची ती नोंद मला अतिशय मोलाची वाटते.

झिजेचाही मेळ बसला पाहिजे. पॉलिशने केसच्या कडा गोलावल्या असतील आणि त्याच उघड्या पृष्ठभागावरचा हॉलमार्क मात्र कालच ठोकल्यासारखा धारदार असेल, तर शंका घ्यावी. पट्ट्याआड किंवा झाकणाच्या आत दडलेली खूण ताजी राहू शकते, हे मात्र विसरू नये.

अंक घासून नाहीसा केला तरी ठोकलेल्या ठशाखालची दबलेली रचना उरते. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेच्या संशोधकांनी स्टेनलेस स्टीलवर अक्षरे ठोकली, ती दिसेनाशी होईपर्यंत पृष्ठभाग घासला आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली परतून विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून स्फटिकांमधील विकृतीचा नकाशा काढला. त्या नकाशात पुसलेली अक्षरे पुन्हा वाचता आली.